आपत्कालीन आराखडा रात्रपाळीपासून लिहायला घ्या

फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा कारखाना गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा. कायम कामगार पन्नासेक, कंत्राटी चाळीसेक, शीतगृह अमोनियावर चालतं, म्हणजे थंडावा आणणारा वायू अमोनिया. परदेशी ग्राहकाचा ऑडिटर येणार आहे आणि त्याला ‘इमर्जन्सी ॲक्शन प्लॅन’ बघायचाय. एका सल्लागारानं ६४ पानांची तयार फाइल दिलीय. ती पुरेल का, आणि पुरणार नसेल तर सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न आहे.

ताई, तुमची फाइल मी पाहिलेली नाही, पण तिच्या बहिणी बऱ्याच पाहिल्या आहेत. पहिल्या पानावर व्यवस्थापनाचं धोरण, मग व्याख्या, मग भूकंप, त्सुनामी, युद्धजन्य परिस्थिती. डिचोलीतल्या एका फाइलमध्ये तर हिमस्खलन होतं. ऑडिटरला ती पुरेल. पण रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर रूममध्ये व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, अमोनिया गळायला लागला, तर ती एचआरच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये, तुमच्या घरी.

म्हणून माझा आग्रह असा, की आराखडा रात्रपाळीपासून लिहायला घ्यायचा. कारखान्यात सगळ्यात कमी आणि सगळ्यात नवखी माणसं ज्या तासाला असतात, त्या तासाला तो चालला पाहिजे. दिवसा अकरा वाजता मॅनेजर, मेंटेनन्सवाले, सेफ्टीवाले सगळे हजर असतात. तेव्हा आराखडा नसला तरी चारजण मिळून काहीतरी निभावून नेतात.

गोव्यात याची खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला होते. मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो, तिथं आग विझवणारे आठजण, प्रथमोपचारवाले चार, शोध घेणारे चार अशी सोळा नावं फोटोसकट भिंतीवर लावलेली होती. गावकर, गावडे, नाईक, वेळीप, सगळे आपले. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी सहज चक्कर मारायला गेलो, तर सोळातला एकही जागेवर नाही. पंधरा आपापल्या गावी, एकजण माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) आवरताना पडून पाय मोडून घरी. प्लँट मात्र चालू होता. झारखंड आणि ओडिशाची बावीस मुलं, एक सुपरवायझर आणि गेटवर वॉचमन. त्या बावीसांपैकी एकाचंही नाव भिंतीवर नव्हतं, आणि भिंतीवरचं मराठी-इंग्रजी त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी माणसांची नावं लिहायचं सोडून दिलं. मी जागा लिहितो. कॉम्प्रेसरवर त्या वेळी जो असेल तो, पॅकिंगच्या शेवटच्या टेबलावर जो असेल तो, गेटवर जो असेल तो. जागा रिकामी राहत नाही, माणूस सुट्टीवर जातो.

तर पहिलं काम असं करा. एका रविवारी रात्री दीड वाजता कारखान्यात जा. कुणाला आधी कळवू नका, मालकाला तेवढं सांगा. हातात वही आणि टॉर्च. चालत चालत बघा, आत्ता किती माणसं आहेत, कुठं आहेत, कोण झोपलंय आणि कुठं. (झोपतात. ओरडू नका, फक्त जागा लिहून घ्या. धूर झाला तर तिथंच शोधायला जावं लागणार आहे.) मागचं दार ढकलून बघा. त्याला कुलूप असेल. चोऱ्या होतात म्हणून लावलेलं असतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते, हे मी न बघताच सांगतो. आतून दांडा दाबला की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी कडी बाजारात मिळते. वर भोंगा लावा, म्हणजे कुणी माल बाहेर काढायला दार उघडलं तर वाजेल. चोरीचं आणि जिवाचं भांडण तिथंच मिटतं. शीतगृहाचं दार आतून उघडतं का, तेही स्वतः आत उभं राहून, दार लावून घेऊन बघा. बाहेर मात्र कुणाला तरी उभं करा.

दारांबद्दल जरा जास्त बोलतो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईट क्लबला आग लागली आणि २५ जीव गेले. त्यांतले बहुतेक पाहुणे नव्हते, तिथं काम करणारे होते, आणि स्वयंपाकघर तळघरात होतं. वाट अरुंद म्हणून बंब दारापर्यंत पोचू शकले नाहीत. लोक ती बातमी नाईट क्लबची म्हणून वाचतात. मी ती कामाच्या जागेची बातमी म्हणून वाचतो. तुमच्याकडे तळघर नसेल, पण पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग दाराला टेकलेला नक्की असेल. माल वाढला की पहिली जागा जाते ती वाटेची. जमिनीवर पिवळा पट्टा मारून भागत नाही. पट्ट्यावर ठेवलेला माल बघितल्यावर तो हलेपर्यंत लोडिंग थांबवायचा हक्क कुणाला आहे, ते लिहा.

आता हक्काचाच विषय निघाला. आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हा, आणि विकतच्या फायलींत तो बहुधा नसतोच. सायरन कोण वाजवणार? उत्तर: ज्याला पहिल्यांदा दिसेल तो. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही. हे मालकाच्या सहीनं लिहून घ्या, आणि खाली आणखी एक ओळ: सायरन खोटा ठरला, बॅच वाया गेली, तरी विचारणा होणार नाही.

असं का म्हणतो ते सांगतो. माझ्या समोरची गोष्ट आहे, कारखान्याचं नाव जाऊ द्या. अमोनियाचा वास आला तेव्हा रात्रीच्या सुपरवायझरपासून सायरनचं बटण चार पावलांवर होतं. त्यानं आधी शिफ्ट इन्चार्जला फोन लावला. लागला नाही. मग मेंटेनन्सवाल्याला. तो झोपेत. मग मॅनेजरला. मॅनेजर म्हणाले, “आधी बघ काय आहे ते, उगीच सायरन नको, शेजारचे ओरडतात.” बिचारा तोंडाला रुमाल बांधून बघायला गेला. बटण दाबलं गेलं ते अकरा मिनिटांनी, आणि दाबलं वॉचमननं, कारण सुपरवायझर डोळे चोळत, खोकत त्याच्या केबिनपर्यंत पोचला होता. माणूस वाचला. पण त्या अकरा मिनिटांत आत तीस जण माशांची पाकिटं भरत बसले होते.

अमोनियाचं आता सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडे खरा धोका तोच आहे. नाकाला तो फार लवकर कळतो, ही त्याची मेहेरबानी. आठ तासांच्या कामासाठी हवेत २५ पीपीएमची (दहा लाख भागांत २५ भागांची) मर्यादा धरतात आणि ३०० पीपीएमला जिवाला धोका मानतात; वास त्याच्या कितीतरी आधी येतो. म्हणून वासाची सवय झालेला ऑपरेटर ही चांगली गोष्ट नव्हे. “हा रोजचाच आहे” असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबून गळती शोधा. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो आणि त्याचा वायू झाला की सुमारे ८५० पट जागा व्यापतो. पुस्तकात तो हवेपेक्षा हलका असतो, हे खरं. पण दाबाखालून सुटतो तेव्हा थंडगार तुषारांसकट सुटतो, आणि आपल्या दमट हवेत त्याचा पांढरा ढग जमिनीलगत लोळत जातो. बंद खोलीत तो १५ टक्क्यांच्या वर गेला तर पेटूही शकतो, तेव्हा आत जाऊन पंख्याचा साधा स्विच टाकणं हेसुद्धा धोक्याचं.

कॉम्प्रेसर ऑपरेटरनं काय करायचं, ते त्याच्याबरोबर उभं राहून ठरवा. प्लँट बाहेरून बंद करता आला पाहिजे, म्हणजे आपत्कालीन स्टॉपचं बटण खोलीच्या दाराबाहेर हवं. रिसीव्हरचा (द्रव अमोनियाच्या टाकीचा) किंग व्हॉल्व्ह, म्हणजे पुढचा पुरवठा तोडणारा मुख्य व्हॉल्व्ह, कुठला, ते प्रत्येक ऑपरेटरनं डोळे मिटून दाखवावं. त्याला लाल रंग द्या, पाटी लावा. गळती मोठी असेल तर व्हॉल्व्ह बंद करायला आत जायचं फक्त हवेचा सिलिंडर पाठीला लावून, आणि दोघांनी, तिसरा दारात. गाळणीच्या डबीचा मास्क फक्त बाहेर पळण्यासाठी. ओला टॉवेलही पळण्यासाठीच. पाण्याचा फवारा ढगावर मारा, पाणी अमोनिया शोषून घेतं. पण खाली साचलेल्या द्रवावर पाण्याची धार मारू नका, तो आणखी उसळतो. डोळ्यांत गेला तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी, पापण्या धरून. दूध नाही, लिंबू नाही, व्हिनेगर तर नाहीच. हे मुद्दाम लिहितोय, कारण आम्लानं अल्कली मरते एवढं रसायनशास्त्र सगळ्यांना आठवतं आणि नेमकं चुकीच्या वेळी आठवतं.

आणि वारा. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि रात्रीच्या अंधारात आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. अशा वेळी पळायचं कुठं, हे वारा ठरवतो; आपला बाण लावलेला बोर्ड नव्हे. गोव्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात रात्री-पहाटे घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून, आणि दुपारनंतर समुद्राकडून. म्हणजे एकच जमण्याची जागा ठरवली असेल तर दिवसातला काही काळ ती ढगाच्या वाटेवर येणारच. दोन जागा ठरवा, समोरासमोरच्या दिशांना. छतावर विंडसॉक लावा, कापडी पिशवीसारखा असतो तो, आणि रात्री दिसावा म्हणून त्यावर एक दिवा सोडा. सायरनबरोबर गेटवरच्यानं माइकवरून फक्त एवढंच सांगायचं: “आंब्याकडे” किंवा “वजनकाट्याकडे.” ढग अंगावर येत असेल तर त्याच्यापुढे धावू नये, आडवं निघावं. आणि कृपा करून जमण्याची जागा ट्रान्सफॉर्मरखाली किंवा बंब वळवायच्या जागेवर ठेवू नका. सावली आहे म्हणून सगळे तिथंच ठेवतात.

जमल्यावर डोकी मोजायची. इथं मस्टरचा घोळ होतो. कायम कामगार पंचिंग मशीनमध्ये, कंत्राटी ठेकेदाराच्या वहीत, ट्रकचा ड्रायव्हर-क्लीनर गेटच्या रजिस्टरात, कँटीनवाली बाय कुठंच नाही. आमच्या एका मॉक ड्रिलमध्ये ८४ पैकी ८३ भरले. सव्वीस मिनिटं शोधलं. चौऱ्याऐंशीवा मुलगा पुठ्ठ्याच्या गोदामात बॉक्सच्या थप्पीमागं, कानात इअरफोन घालून मजेत बसला होता. सायरन तिथवर पोचतच नव्हता. त्यानं आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. गोदामात दुसरा भोंगा बसला, आणि गेटवर टोकनचा फळा आला. आत येणारा प्रत्येकजण, मालक असो की पाहुणा, खिळ्यावरचं टोकन उचलून गळ्यात अडकवतो आणि जाताना परत टांगतो. रिकामे खिळे मोजले की आत किती माणसं आहेत ते कळतं. वीज नको, नेट नको. ठेकेदाराकडून मात्र प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर लिहून घ्या. गुमल्याच्या किंवा गंजामच्या कुठल्या गावात कुणाला कळवायचं, हे अपघातानंतर शोधायची पाळी येऊ नये.

विजेचा एक बारकावा सांगतो, बऱ्याच इलेक्ट्रिशियनांनाही तो सुचत नाही. आराखड्यात लिहिलेलं असतं, ‘मेन स्विच बंद करावा’. माणूस धावत जाऊन मेन पाडतो. दहा-पंधरा सेकंदांत जनरेटरचं पॅनल समजतं की सरकारी वीज गेली, आणि जनरेटर आपोआप सुरू होऊन पेटलेल्या शेडमध्ये पुन्हा वीज सोडतो. आपल्याकडे वीज इतकी जाते-येते की आपोआप चालू होणारं पॅनल बहुतेकांकडे आहे. म्हणून क्रम लिहा: आधी जनरेटरचं लाल बटण, मग मेन. छतावर सोलर असेल तर उन्हात त्याच्या वायरी जिवंतच राहतात, हेही बंबवाल्यांना सांगायला हवं. आणि फायर पंपाची लाइन मेनच्या अलीकडून वेगळी घेतलीय का बघा, नाहीतर मेनबरोबर पंपही मेला.

आग विझवायच्या सिलिंडरबद्दल थोडक्यात. कुठूनही पंधरा मीटरच्या आत एक तरी हाताशी यावा. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. कुणालाच खरं वाटत नाही, म्हणून वर्षातून एकदा मुदत संपत आलेले सिलिंडर प्रत्येकाच्या हातात देऊन मागच्या आवारात मारायला लावा. पाठ दाराकडे, धार ज्वाळेच्या बुडाशी. एका सिलिंडरनं विझली तर विझली, नाहीतर बाहेर. विजेच्या पॅनलसाठी कार्बन डायऑक्साइडचा.

फोन कोण करणार? गेटवरचा. आग १०१, रुग्णवाहिका १०८, काहीच आठवलं नाही तर ११२. शिवाय फोंडा आणि कुंडईच्या अग्निशमन केंद्रांचे थेट नंबर. पण नंबरापेक्षा बोलायचं काय, ते लिहून ठेवा. घाबरलेला माणूस “आग लागलीय, लवकर या” म्हणतो आणि फोन ठेवतो. कागदावर त्याच्या भाषेत, बहुतेक वेळा हिंदीत, हे असू द्या: कुठली वसाहत, कुठल्या रस्त्यानं शिरायचं, कुठली खूण, काय झालंय, किती जणांना लागलंय, आणि ‘हमारा आदमी टंकी के पास टॉर्च लेके खड़ा है’. तो माणूस खरोखर टाकीपाशी पाठवा. वसाहतीतले प्लॉट नंबर लावलेत त्यांनाच सापडत नाहीत, बंबाच्या ड्रायव्हरला काय सापडणार? त्याआधी एकदा केंद्रातल्या साहेबांना चहाला बोलवा आणि आवार दाखवा. बंब गेटमधून वळतो का, पाणी कुठून भरायचं, हे ते पाच मिनिटांत सांगतात. भाजलेल्याला कुठं न्यायचं, फोंड्याच्या आयडी हॉस्पिटलात की सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), हा निर्णय १०८ च्या माणसांवर सोडा. कंपनीच्या गाडीत घालून निघायची घाई करू नका.

पावसाळ्याचं पान वेगळं करा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं झाडं पाडली, खांब पाडले, कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. तुमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच: शीतगृह किती तास तग धरेल, डिझेल किती तासांचं आहे, आणि रस्ता बंद झाला तर रात्रपाळीला तिथंच जेवायला काय. त्याच वर्षी जुलैत खांडेपार, म्हादई फुगल्या. कंपनी पठारावर असली तरी कामगार खालच्या वाड्यांतून येतात, ते विसरू नका. पत्र्याच्या शेडमध्ये सापही येतात. चावला तर कापायचं नाही, आवळायचं नाही, माणसाला चालवायचं नाही.

कायद्याचं म्हणाल, तर भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ब कलम आलं आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करून तो कामगारांना आणि शेजारच्या लोकांना कळवणं बंधनकारक झालं. घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम ठराविक साठ्याच्या वर लागू होतात आणि त्यांत दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल सांगितलंय. नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सुरक्षा संहिता लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या अमोनियाच्या साठ्याला नेमकं काय लागू आहे ते आल्तिनोला कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात जाऊन विचारा. तिथं विचारणाऱ्याला कुणी खात नाही.

पहिलं ड्रिल सांगून करा, दुसरं वेळ न सांगता, तिसरं रात्री. तिसऱ्यात एक दार मुद्दाम बंद ठेवा आणि समोर “इथं धूर आहे” असा पुठ्ठा धरून माणूस उभा करा. लोक सवयीच्या दाराकडे कसे वळतात ते बघायला मिळेल. एकाला बेशुद्ध पडायला सांगा. वेळ घड्याळानं मोजा आणि जे बिघडलं ते त्याच रात्री वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं छान झालेलं आठवतं.

तर ती ६४ पानं राहू द्या, ऑडिटरला दाखवायला लागतील. हिमस्खलन असेल तर तेवढं काढा. त्यातून तीन कागद वेगळे करा: गेटचा, कॉम्प्रेसर रूमचा, पॅकिंगचा. प्रत्येक एका पानाचा, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत, शक्य तिथं चित्रं. वरच्या कोपऱ्यात शेवटच्या ड्रिलची तारीख. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करून खिळ्याला दोरीनं बांधा. नुसता चिकटवला, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात गेटच्या केबिनमध्ये त्याला बुरशी येते आणि वॉचमन त्यावर चहाचा ग्लास ठेवतो.